गोळी सुटल्यावर पुंगळीचे काय होते?

सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावाच्या नावातच त्याची ओळख आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जवान कामी आले. त्या पिढीच्या खांद्यावर असायची ती ली-एनफिल्ड रायफल, थ्री-नॉट-थ्री. पुढे ती पोलिसांच्या हातात दिसू लागली आणि सातारा-सांगलीच्या बोलण्यातही ‘थ्री-नॉट-थ्री’ हा शब्द रुळला. गोळीची चर्चा पुष्कळ होते, पण बोल्ट ओढताच बाजूला उडणाऱ्या पितळी पुंगळीकडे सहसा कोणी वळून पाहत नाही.

काडतुसाचे चार भाग असतात: पुढे गोळी, आत दारू, बुडाशी ठिणगी देणारी टोपी आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी पुंगळी. यातले तीन एकदाच उपयोगी पडतात. पुंगळी तेवढी उरते. म्हणूनच अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातले हजारो नेमबाज ती जपून ठेवतात आणि परवानगीच्या चौकटीत पुन्हा भरतात. त्यात खर्च वाचतो आणि आपल्या बंदुकीला नेमके जुळणारे काडतूसही मिळते. मात्र भरण्याआधी पुंगळी मूळ मापाला आणावी लागते, आणि बहुतेक तक्रारी याच पायरीवर सुरू होतात.

चाप ओढला की थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळीत दर चौरस इंचाला 18 ते 20 टनांचा दाब तयार होतो. पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे तप्त वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. दाब ओसरला की पितळ किंचित आकसते, म्हणून पुंगळी बाहेर निघते. पण ती पूर्वीइतकी बारीक होत नाही. तिला कठीण पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून पुन्हा मापात आणतात.

पहिला घोटाळा वंगणाचा. वंगण कमी पडले तर पुंगळी डायमध्ये अशी रुतते की बाहेर ओढताना तिची कडच फाटते. हे टाळायला कोणी सढळ हाताने वंगण फासले, तर जास्तीचे वंगण डायमध्ये अडकते आणि पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे गळ्याखालच्या उतारावर, पोचे पाडते. डायच्या आत वाळूचा कण राहिला तर प्रत्येक पुंगळीवर त्याच जागी उभा ओरखडा उठतो. ओरखडा एकाच जागी असेल तर दोष डायचा आणि जागा बदलत असेल तर पुंगळ्यांच्या सफाईचा, हे अनुभवी माणूस लगेच ओळखतो.

दुसरी तक्रार जास्त चक्रावणारी. डायमधून काढलेली पुंगळी चेंबरमध्ये जात नाही, बोल्ट मिटत नाही. कधी डाय पुरेशी खाली बसवलेली नसते. कधी दाबताना पितळ पुढे सरकून गळा लांबलेला असतो, तो कापून मापाला आणावा लागतो. पण पुष्कळदा कारण धातूच्या पोटात असते. काडतुसाच्या पितळेत साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असते. हे पितळ जितके फुगवावे आणि दाबावे तितके ताठर होते आणि दाब सोडताच पुन्हा मागे उसळते. अशा पुंगळीचा गळा गोळीवर नीट पकड घेत नाही, आणि शेवटी त्याला उभी चीर जाते.

आपल्याकडच्या तांबटाला हे नव्याने सांगावे लागणार नाही. हंड्याचा पत्रा ठोकून ताठला की तो भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करतात आणि मग पुढचे ठोके घालतात. पुंगळीचा गळाही असाच तापवून मऊ करतात. फरक एवढाच की ऊब बुडापर्यंत पोहोचू द्यायची नाही. सगळा दाब पेलणारे बूड मऊ पडले तर पुंगळी बंदुकीतच फुटू शकते.

थ्री-नॉट-थ्रीची खोड याहून वेगळी. चिखलमातीतही काडतूस अडू नये म्हणून लष्करी ली-एनफिल्डचे चेंबर ऐसपैस ठेवलेले असे, आणि पुंगळी बुडाच्या कडेवर टेकून बसे. गोळी सुटताना खांदा पुढे ढकलला जातो. डायने तो दर वेळी मूळ जागी मागे रेटला तर पुढच्या बाराला पुंगळी पुन्हा ताणली जाते, आणि बुडाच्या जरा वर भिंत पातळ होत जाते. तिथे बाहेरून चकचकीत कडे दिसू लागते. टोक वाकवलेली तार आतून फिरवली तर खाचही लागते. असे कडे दिसलेली पुंगळी मोडीतच टाकायची, कारण पुढच्या बाराला बूड निराळे होऊन अर्धी पुंगळी आतच राहू शकते. म्हणून जाणकार पुंगळीच्या अंगाला हात न लावता फक्त गळा आवळतात आणि खांदा चेंबरला टेकू देतात.

पितळेत कोंडलेल्या या ताणाचा सगळ्यात गाजलेला धडा हिंदुस्थानातच मिळाला. ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असत. एकही बार न उडवता त्यांच्या गळ्यांना चिरा जात. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी 1921 साली उलगडा केला: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण, या तिघांनी मिळून धातू फोडला होता. अमोनिया असलेल्या पॉलिशने पुंगळ्या उजळू नयेत असे आजही सांगतात, ते याच कारणाने.

आपल्याकडे मात्र हे घरच्या टेबलावर करायचे काम नव्हे. 1959 च्या शस्त्र कायद्यात काडतुसांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रेसुद्धा ‘दारूगोळा’ या व्याख्येत येतात, आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात दारूगोळा बनवण्याचे काम खडकीच्या 1869 च्या आणि वरणगावच्या 1964 च्या सरकारी कारखान्यांत चालते. शिवाय प्रत्येक पुंगळी पुन्हा भरता येतेच असे नाही. सांगलीच्या शेजारी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्या प्रकारात पॉइंट टू-टू काडतूस वापरतात. त्याचा ठिणगी देणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि बार उडताना कड चेपते, त्यामुळे ती पुंगळी पुन्हा भरतच नाहीत.

शेतीच्या राखणीसाठी किंवा वडिलोपार्जित म्हणून ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे, त्यांनी कपाटातली काडतुसे एकदा उजेडात पाहावीत. गळ्याला चीर, हिरवा थर किंवा बुडाजवळ कडे दिसले, तर ते काडतूस उडवून बघू नये आणि घरी खोलूही नये. परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवून ते रीतसर निकाली काढावे.