इष्टुर फाकड्याची भूमिका

पुण्यावर चालून निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज जानेवारी १७७९ मध्ये वडगाव मावळ येथे कोंडली गेली आणि १६ जानेवारीस तिला नामुष्कीचा तह पत्करावा लागला, हे मावळातील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु नेमके हे ठाऊक असणेच या लढाईचे नाटक वठविण्याच्या आड येते. स्नेहसंमेलनात ज्याच्या वाट्याला इंग्रज सेनानी येतो, तो बहुधा पहिल्या प्रवेशापासूनच भेदरट आणि हास्यास्पद होतो. अंगावर लाल कोट चढलेला असतो. डोक्यात मात्र धड्याचा शेवटचा परिच्छेद असतो.

संगणकावरील भूमिकाप्रधान खेळांनी हा दोष फार चांगला ओळखला आहे. या खेळांचे मूळ १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या, कागद, पेन्सिल व फासे यांवर चालणाऱ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात सापडते. आज आंतरजालावर असंख्य तरुण एखाद्या कल्पित शहरात पोलीस, चोर वा टॅक्सीवाला होऊन तासन्‌तास वावरतात. तेथील कडक दंडक असा की, खेळाडूला बाहेरून कळलेली गोष्ट पात्राने वापरावयाची नाही. मित्राने फोनवर चोरांचा अड्डा सांगितला, तरी पोलीस झालेल्याने तिकडे धाव घ्यावयाची नाही. माग काढूनच तो शोधला पाहिजे. वडीलधाऱ्यांना हा सारा रिकामटेकडेपणा वाटतो, आणि वेळेच्या हिशेबाने ते खोटेही नाही. तथापि जाणत्याने अजाण होऊन वावरणे ही शिस्त क्षुल्लक खचित नव्हे.

आपल्याकडे ती बहुरूप्याला साधली होती. फौजदाराच्या वेषात दारी येऊन दरडावणारा बहुरूपी घरधनी हसला तरी स्वतः हसत नसे. बिदागी मागताना मात्र सोंग उतरे. खेळात शिवीगाळ करून ‘ते माझे पात्र बोलले’ असे म्हणणाऱ्यांनी त्याच्यापासून हेही शिकावे!

हीच शिस्त वडगावच्या लढाईला लावून पाहण्यासारखी आहे. या मोहिमेतील कॅप्टन जेम्स स्ट्युअर्टचे धाडस असे की, खुद्द मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ हे नाव दिले. ४ जानेवारीस तो कार्ल्याजवळ ठार झाला. म्हणजे वडगावचा तह त्याला कधी कळलाच नाही. तेव्हा त्याचे काम करणाऱ्याने पुणे आता काही मजलांवर आले, राघोबादादांना तेथे नेऊन बसविले की झाले, अशाच भरवशाने पाऊल टाकले पाहिजे. पुढे तळेगाव जळालेले मिळेल, अवजड तोफा तळ्यात लोटून रातोरात माघारी फिरावे लागेल, हे त्याच्या स्वप्नातही असता कामा नये. महादजी शिंदे झालेल्यानेही जय गृहीत धरू नये. शत्रूला आत येऊ देण्यात, आपलीच वस्ती आपल्या हाताने जाळण्यात केवढा धोका होता, हे त्यावाचून त्याला उमगावे कसे? विदूषकाला हरविण्यासाठी कोणी गाव जाळीत नाही.

इष्टुर फाकड्याची समाधी वडगावातच आहे. भूमिका वाटल्यावर शिक्षकांनी इंग्रजाचे काम मिळालेल्या मुलास तेथे न्यावे आणि ३ जानेवारीच्या रात्री या माणसाने घरी पत्र लिहिले असते तर त्यात काय लिहिले असते, एवढेच विचारावे.