टिव्हो ते मिथटीव्ही: घरातील रेकॉर्डरचा मालक कोण?

ठरावीक वारी, ठरावीक वेळी दूरचित्रवाणी संचासमोर येऊन बसणे ही प्रेक्षकांची अनेक वर्षांची सक्ती होती. वेळ चुकली की कार्यक्रम हुकला. व्हीसीआरने या सक्तीतून काही प्रमाणात सुटका केली. परंतु त्याचे घड्याळ लावणे, कोरी कॅसेट शोधणे आणि नेमक्या शेवटच्या प्रसंगी कॅसेट संपणे या कटकटी कायमच राहिल्या. अमेरिकेत १९९९ साली 'टिव्हो' आणि 'रिप्ले टीव्ही' ही यंत्रे बाजारात आली आणि कॅसेटची जागा संगणकातील हार्डडिस्कने घेतली. प्रेक्षक त्यांच्यावर इतके लुब्ध झाले की 'टिव्हो करणे' हे इंग्रजीत चक्क क्रियापदच होऊन बसले.

असे असतानाही, पुढील चार-पाच वर्षांत यांपैकीच काही ग्राहकांनी हे सुबक, तयार यंत्र बाजूला ठेवले. जुना संगणक, एक टीव्ही ट्यूनर कार्ड आणि 'मिथटीव्ही' नावाचे विनामूल्य मुक्तस्रोत सॉफ्टवेअर यांच्या आधारे त्यांनी घरच्या घरी रेकॉर्डर उभारला. हा केवळ पैसे वाचवण्याचा खटाटोप नव्हता. दिवाणखान्यातील यंत्र कोणाचे ऐकते, विकत घेणाऱ्याचे की विकणाऱ्याचे, हा त्यामागचा खरा प्रश्न होता.

डब्यात नेमके काय असते?

डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर म्हणजे मुळात एक छोटा संगणकच. तो वाहिनीचे चित्र व ध्वनी अंकांच्या स्वरूपात हार्डडिस्कवर साठवतो. साठवणे आणि दाखवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू शकत असल्याने सुरू असलेले थेट प्रक्षेपण मध्येच थांबवून ठेवता येते, मागे नेता येते. मात्र टिव्होची खरी जादू याच्याही पलीकडची होती. हे यंत्र दूरध्वनीच्या तारेवरून कंपनीशी संपर्क साधून आगामी दिवसांची कार्यक्रमपत्रिका उतरवून घेत असे. त्यामुळे 'ही मालिका मुद्रित कर' एवढी एकच आज्ञा पुरेशी ठरे. वार, वेळ वा वाहिनी लक्षात ठेवण्याचे काम यंत्राकडे जाई.

या पत्रिकेसाठी ग्राहकाला यंत्राच्या किमतीखेरीज वर्गणी भरावी लागे. २००० च्या दशकाच्या मध्यावर ती महिना १२.९५ डॉलर होती. वर्गणी थांबली की यंत्राची बहुतेक हुशारीही थांबे.

नाराजीची कारणे

वर्गणीपेक्षाही काही प्रसंगांनी ग्राहक अधिक अस्वस्थ झाले. १ फेब्रुवारी २००४ रोजी अमेरिकी फुटबॉलच्या 'सुपर बोल' या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात गायिका जॅनेट जॅक्सन हिच्या पोशाखावरून गदारोळ माजला. हाच क्षण ग्राहकांनी सर्वाधिक वेळा मागे नेऊन पाहिला, असे टिव्होने जाहीर केले. ही आकडेवारी निनावी व एकत्रित असल्याचा कंपनीचा खुलासा होता. तथापि आपण रिमोटची कोणती कळ कधी दाबतो याची नोंद घराबाहेर जाते, हे अनेकांच्या तेव्हाच प्रथम ध्यानात आले.

२००५ साली जाहिराती पुढे पळवताना पडद्यावर नव्या जाहिरातींची चिन्हे झळकू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात काही ग्राहकांना आपण मुद्रित केलेल्या मालिकांवर लाल निशाण दिसले. ठरावीक मुदतीनंतर तो भाग पुसला जाईल, असा त्याचा अर्थ होता. हा तांत्रिक दोष असल्याचे कंपनीने स्पष्ट केले. पण दोष असो वा नसो, ग्राहकाच्या घरातील मुद्रण मुदत संपताच पुसून टाकण्याची सोय यंत्रात होती, हे त्यातून उघड झाले.

३० सेकंद पुढे उडी मारण्याच्या सोयीचे उदाहरणही बोलके आहे. ती टिव्होत होती, पण दडवलेली. मुद्रित कार्यक्रम पाहताना रिमोटवर 'सिलेक्ट, प्ले, सिलेक्ट, ३, ०, सिलेक्ट' अशा क्रमाने कळा दाबल्या की ती जागी होई. हा मंत्र ग्राहकांमध्ये तोंडोतोंडी पसरला. ग्राहकाला हवी असलेली सोय कंपनी उघडपणे देत नव्हती, यामागे कारण होते. 'रिप्ले टीव्ही'ने जाहिराती आपोआप गाळण्याची सोय खुलेआम दिल्यावर २००१ साली चित्रपट व दूरचित्रवाणी कंपन्यांनी तिच्या उत्पादकाला न्यायालयात खेचले. तो उत्पादक २००३ साली दिवाळखोरीत गेला आणि नव्या मालकाने ही सोय काढून टाकली.

तीच प्रणाली, पण कुलूपबंद

गंमत अशी की, टिव्होच्या पोटातही लिनक्स ही मुक्तस्रोत प्रणालीच होती. तिच्या परवान्यानुसार, म्हणजे 'जनरल पब्लिक लायसन्स'नुसार, कंपनीने लिनक्समधील आपल्या बदलांची मूळ आज्ञावली खुलीही केली होती. मात्र पुढील पिढ्यांच्या यंत्रांत सुरू होतानाच सॉफ्टवेअरची डिजिटल स्वाक्षरी तपासली जाई. ग्राहकाने आज्ञावलीत कायदेशीररीत्या बदल केला, तरी ते बदललेले सॉफ्टवेअर त्याच यंत्रावर चालत नसे. ग्रंथ वाचायला खुला, पण त्यात समासात टीप लिहिण्याची मनाई, असाच हा प्रकार.

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी या प्रकाराला 'टिव्होआयझेशन' असे नाव दिले. २९ जून २००७ रोजी आलेल्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत, घरगुती वापराच्या उत्पादनांबाबत, त्याला प्रतिबंध करणारे कलम घालण्यात आले. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांना हे पटले नाही. यंत्र कसे बनवावे हे सॉफ्टवेअरच्या परवान्याने ठरवू नये, असे त्यांचे मत. लिनक्सचा गाभा आजही परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीवरच आहे.

घरचा रेकॉर्डर

आयझॅक रिचर्ड्स या प्रोग्रॅमरने एप्रिल २००२ मध्ये मिथटीव्हीची सुरुवात केली. केबल कंपनीने दिलेला सेट टॉप बॉक्स संथ होता, जाहिरातींनी भरलेला होता आणि त्यावरील कार्यक्रमपत्रिका कुचकामी होती, हे त्यामागचे निमित्त. पाहता पाहता जगभरचे स्वयंसेवक या प्रकल्पात सामील झाले.

मिथटीव्हीची रचना दोन भागांत आहे. 'बॅकएंड' कार्यक्रम मुद्रित करतो व साठवतो. 'फ्रंटएंड' ते पडद्यावर दाखवतो. दोन्ही एकाच संगणकावर चालू शकतात. परंतु आवाज करणारा, मोठ्या हार्डडिस्कचा संगणक माळ्यावर ठेवून दिवाणखान्यात व शयनगृहात छोटे, शांत संगणक जोडणेही शक्य आहे. एका खोलीत अर्धवट पाहिलेला चित्रपट दुसऱ्या खोलीत पुढे पाहता येतो.

सामग्रीतील सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे ट्यूनर कार्ड. अ‍ॅनालॉग प्रक्षेपणाच्या काळात हॉपॉज कंपनीचे 'पीव्हीआर-२५०' हे कार्ड विशेष लोकप्रिय होते. चित्र आकुंचित करून एमपीईजी-२ या स्वरूपात आणण्याचे अवजड काम ते स्वतःच करी, त्यामुळे जुना, मंद प्रोसेसरही पुरे. अशा मुद्रणाला तासाला साधारण दोन गिगाबाइट जागा लागे. अमेरिकेतील हवेतून येणाऱ्या हायडेफिनिशन प्रक्षेपणाचा प्रवाह सेकंदाला सुमारे १९.४ मेगाबिटपर्यंत असतो. तो जसाच्या तसा साठवला तर तासाला जवळपास ८.७ गिगाबाइट खर्ची पडतात.

जाहिराती ओळखण्याची पद्धतही रंजक आहे. जाहिरातीच्या आधी व नंतर पडदा क्षणभर काळा होतो. वाहिनीचे कोपऱ्यातील बोधचिन्ह जाहिरातीच्या वेळी बहुधा नाहीसे होते. दृश्ये भराभर बदलतात. या खुणा जुळवून सॉफ्टवेअर अंदाज बांधते आणि तेवढा भाग ओलांडून जाते. अंदाज कधी चुकतोही. मग कथानकाचा तुकडाच गाळला जातो.

याहून मोठा लाभ म्हणजे मुद्रित कार्यक्रम ही साधी फाइल असते. ती दुसऱ्या संगणकावर नेता येते, डीव्हीडीवर उतरवता येते, दहा वर्षे जपूनही ठेवता येते. तिच्यावर लाल निशाण लावणारे कोणी नसते.

स्वातंत्र्याची किंमत

अर्थात, या स्वातंत्र्याची किंमत श्रमाने मोजावी लागते. टिव्हो खोक्यातून काढून तारा जोडल्या की तासाभरात सुरू होत असे. मिथटीव्हीसाठी लिनक्स बसवणे, कार्डाचे ड्रायव्हर जुळवणे, माहितीसाठा उभारणे, रिमोटच्या प्रत्येक कळीला काम नेमून देणे, यांत सुट्टीचे दोन-तीन दिवस सहज जात. 'नॉपमिथ' आणि 'मिथबंटू' या तयार संचांनी हे काम बरेच सुकर केले. पण पुढे मिथबंटूचा विकासही २०१६ मध्ये थांबला.

शिवाय हे यंत्र एकट्याचे नसते. ऐन मालिकेच्या वेळी ते बंद पडले तर घरातील इतर मंडळींना कंपनीच्या मदतकेंद्राला फोन करता येत नाही. ज्याने ते जोडले, त्यालाच उठून ते दुरुस्त करावे लागते. विजेचा हिशेबही आहेच. सतत १०० वॉट खेचणारा संगणक वर्षभर अहोरात्र चालू राहिला तर ८७६ युनिट वीज लागते. वाचलेल्या वर्गणीचा काही वाटा असा वीजबिलात जातो.

घरी न बनणाऱ्या दोन गोष्टी

यंत्र घरी बनवता येते, पण कार्यक्रमपत्रिका घरी बनवता येत नाही. ती शेकडो वाहिन्यांकडून रोज गोळा करावी लागते. अमेरिकेत मिथटीव्हीचे वापरकर्ते 'झॅप२इट लॅब्ज' या सेवेची विनामूल्य पत्रिका वापरत. ही सेवा १ सप्टेंबर २००७ पासून बंद होणार, असे त्याच वर्षीच्या जूनमध्ये जाहीर झाले आणि हजारो रेकॉर्डर आंधळे होण्याची वेळ आली. मुक्तस्रोत विकासकांनी मग 'शेड्यूल्स डायरेक्ट' ही ना-नफा संस्था उभारून अल्प वर्गणीत अधिकृत माहिती मिळवली. वर्गणीतून सुटू पाहणाऱ्यांना शेवटी वर्गणीच भरावी लागली; फरक एवढाच की, ती आपल्यातल्याच संस्थेला होती.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रक्षेपणावरील कुलूप. घरी पाहण्यासाठी कार्यक्रम मुद्रित करणे कायदेशीर आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बीटामॅक्स खटल्यात १७ जानेवारी १९८४ रोजी, पाच विरुद्ध चार मतांनी दिला होता. तरीही तेथील दळणवळण आयोगाने २००३ साली 'ब्रॉडकास्ट फ्लॅग' हा नियम केला. १ जुलै २००५ नंतर बनणाऱ्या डिजिटल ट्यूनरनी प्रक्षेपणातील कॉपीबंदीची खूण पाळावी, असे त्याचे स्वरूप होते. तसे झाले असते तर मुक्तस्रोत रेकॉर्डरला योग्य असे नवे कार्डच बाजारात मिळाले नसते. ग्रंथालय संघटना व ग्राहकवादी गट न्यायालयात गेले आणि ६ मे २००५ रोजी अपील न्यायालयाने, आयोगाला तसा अधिकारच नाही, असे सांगून नियम रद्द केला.

हवेतून येणाऱ्या वाहिन्या अशा रीतीने वाचल्या. केबल व उपग्रहावरील सशुल्क वाहिन्या मात्र कूटबद्ध होत गेल्या आणि 'एकदाच कॉपी' अशी खूण असलेले कार्यक्रम मिथटीव्हीच्या आवाक्याबाहेर गेले.

भारतातील चित्र

आपल्याकडे हा शेवटचा मुद्दा विशेष लागू पडतो. केबल आणि डीटीएचच्या सशुल्क वाहिन्या कूटबद्ध असल्याने त्या कंपनीच्या सेट टॉप बॉक्समधूनच पाहाव्या लागतात. 'टाटा स्काय प्लस'च्या रूपाने २००८ साली मुद्रणाची सोय असलेला डबा येथे आला, पण तोही कंपनीचाच. घरगुती रेकॉर्डरला त्यातल्या त्यात मोकळे रान मिळाले ते दूरदर्शनच्या विनामूल्य डीटीएच सेवेत. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झालेल्या आणि आता 'डीडी फ्री डिश' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सेवेतील खुल्या वाहिन्या संगणकातील उपग्रह कार्डाने थेट मुद्रित करता येतात. एका कंपनीचा सेट टॉप बॉक्स दुसऱ्या कंपनीकडेही चालावा, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) एप्रिल २०२० मध्ये केली होती. विकत घेतलेला डबा कोणाचा, हाच प्रश्न त्यामागेही होता.

शेवटी उरले काय?

पुढील काळाने या वादाला आपले उत्तर दिले. ब्रिटनमधील टिव्होच्या मूळ यंत्रांची सेवा जून २०११ मध्ये बंद झाली. अमेरिकेतील पहिल्या पिढीच्या यंत्रांना २०१६ पासून कार्यक्रमपत्रिका मिळेनाशी झाली. 'आजीवन' वर्गणी भरलेल्यांचाही त्याला अपवाद नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये टिव्होने रेकॉर्डरची विक्रीच थांबवली. इंटरनेटवरून हवे ते, हवे तेव्हा पाहता येऊ लागल्यावर मुद्रणाची गरजच अनेकांना उरली नाही. मिथटीव्हीचे वापरकर्तेही रोडावले. तथापि त्याची आज्ञावली खुली असल्याने स्वयंसेवक ती आजही सांभाळत आहेत.

मात्र स्ट्रीमिंगमध्ये जुना प्रश्न अधिकच टोकदार झाला आहे. आवडलेला चित्रपट यादीतून एके दिवशी गुपचूप नाहीसा होतो आणि प्रेक्षकाच्या हाती काहीच राहत नाही. अशा वेळी माळ्यावरच्या संगणकात वीस वर्षांपूर्वी मुद्रित केलेली फाइल ज्याच्याकडे आहे, तो ती आजही लावून पाहू शकतो. दोन-तीन सुट्ट्या खर्चून त्याने मिळवले ते एवढेच. पण ते त्याच्या मालकीचे आहे.