असुरक्षित गर्भपात : ज्या मृत्यूंना आमच्या तक्त्यात रकाना नाही

बाह्यरुग्ण, आंतररुग्ण व शस्त्रक्रिया यांचे वर्षभराचे आकडे अहवालाच्या आरंभी दिलेलेच आहेत. त्या तक्त्यांत स्वतंत्र रकाना नसलेल्या एका कारणाकडे विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्त यांचे लक्ष वेधावे, असे मनात आहे. असुरक्षित गर्भपातानंतर दाखल होणारी तरुणी नोंदवहीत बहुधा ‘ताप व पोटदुखी’ अथवा ‘अतिरक्तस्राव’ म्हणून येते. ती दगावली, तर दाखल्यावरही ‘रक्तस्राव’ किंवा ‘जंतुदोष’ एवढेच उरते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. ज्या खर्चाचे खातेच उघडले नाही तो ताळेबंदात दिसत नाही, हे मला ठाऊक आहे.

पुष्कळांचा असा समज आहे की, गर्भपात हा आपल्या देशात गुन्हाच आहे. १८६० च्या दंडसंहितेने तो गुन्हा ठरविला होता हे खरे. परंतु लपूनछपून होणाऱ्या गर्भपातांमुळे स्त्रियांचे जीव जातात हे ध्यानी घेऊन केंद्र सरकारने १९६४ साली शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला व १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. २०२१ च्या दुरुस्तीनुसार कायद्यातील कारणांसाठी वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. अत्याचारग्रस्त, अल्पवयीन, विधवा झालेली वा घटस्फोटित अशा ठरावीक स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने ही मर्यादा चोवीस आठवडे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही हाच हक्क असल्याचे स्पष्ट केले.

आणि सर्वांत महत्त्वाचे : सज्ञान स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरेशी आहे. पतीची सही कायद्याने लागत नाही. हे मी आज ठामपणे लिहितो, पण मला ते उशिरा कळले. पूर्वी मी ज्या रुग्णालयाच्या हिशेब विभागात होतो, तेथे खिडकीवर पतीच्या सहीवाचून कागद पुढे सरकत नसे. एक तरुणी सहीशिवाय आली, तिला ‘घरच्यांना घेऊन या’ असे सांगण्यात आले, व ती निघून गेली. काही दिवसांनी तिला झोळीतून आणले, तेव्हा जंतुदोष रक्तात भिनला होता. ती वाचली नाही. परत पाठविणाऱ्या खिडकीत त्या दिवशी मीही बसलो होतो.

मृत्यू येतो तो प्रामुख्याने तीन वाटांनी. गर्भाचे अवशेष आत राहिले तर रक्त थांबत नाही. काडी वा अस्वच्छ हत्यार घातल्यास गर्भाशयाला छिद्र पडते. आणि जंतुदोष पसरून मूत्रपिंडे निकामी होतात. अलीकडे काडीची जागा बव्हंशी गोळ्यांनी घेतली आहे. २०१५ सालासाठीच्या एका मोठ्या अभ्यासानुसार देशात त्या वर्षी सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले व त्यांपैकी ७३ टक्के रुग्णालयाबाहेर, गोळ्या घेऊन झाले. मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टॉल ही औषधे योग्य मात्रेत, नऊ आठवड्यांच्या आत व डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरक्षित आहेत. धोका अपुरी माहिती देऊन विकलेल्या पाकिटात आहे. गर्भ नलिकेत असल्यास या गोळ्यांनी तो जात नाही. नलिका फुटून आतल्या आत रक्तस्राव होतो. म्हणून गोळी कोठूनही घेतलेली असो, लागोपाठ दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील, ताप दिवसभर उतरत नसेल, दुर्गंधीयुक्त स्राव होत असेल अथवा भोवळ येत असेल, तर तत्काळ रुग्णालयात आणावे. कोणी दिल्या, का घेतल्या, ही विचारणा मागाहूनही होऊ शकते.

कर्जत-खालापुरात ‘तत्काळ’ हा शब्द सोपा नाही. एका बाजूला द्रुतगती मार्ग व खोपोलीचे कारखाने आहेत, तर दुसरीकडे डोंगरउतारावरील ठाकर व कातकरी वाड्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा यंत्रसामग्री वर नेता आली नाही, मदतकार्य पायीच चालले, हे सर्वांनी पाहिले. रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीलाही त्याच पायवाटेने उतरावे लागते. पावसाळ्यानंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तेथे ओळखीची आशाताई नसते, आणि मुकादमाकडून उचल घेतलेली असल्याने दवाखान्यासाठी दिवस मोडणे कठीण जाते.

आणखी एक गल्लत नोंदविणे भाग आहे. २०१७ साली सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे होमिओपॅथी पदवीधराच्या दवाखान्यात गर्भपातादरम्यान एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला व पुढे १९ भ्रूण पुरलेले सापडले. गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहेच, त्याची गय होता कामा नये. पण अशा प्रकरणांनंतर धास्तीपोटी कायदेशीर गर्भपातही नाकारला गेला, तर ती स्त्री पुन्हा तशाच दवाखान्याकडे वळते.

रुग्णांच्या आप्तांनी हेही जाणून घ्यावे की, स्त्रीचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकांची संमती लागते व पोलिसांना कळवावे लागते. परंतु मुलीने व पालकांनी विनंती केल्यास तिची ओळख उघड करणे डॉक्टरांवर बंधनकारक नाही, असे २०२२ च्या उपरोक्त निकालात म्हटले आहे.

आपल्या रुग्णालयातील जुन्या छापील संमतिपत्रावर ‘पती/पालक यांची सही’ अशी ओळ होती. सज्ञान रुग्णांच्या बाबतीत ती लाल शाईने खोडण्यास नोंदणी विभागास सांगितले आहे. नवी संमतिपत्रे छापून येईपर्यंत हेच चालेल.