जुन्या नावाची मागणी, नव्या नावाचे दप्तर

हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाने ओळखला जाणारा उस्मानाबाद जिल्हा २०२३ साली शासनदरबारी धाराशिव झाला, आणि असा हुकूम निघाला की जुन्या नावाने लिहिलेले दाखले, नकाशे, तक्ते आणि आता संगणकाच्या आज्ञावल्या यांची तजवीज कशी लावावी, हा प्रश्न कचेरीकचेरीतून उभा राहतो. आज्ञावल्यांपुरते बोलावयाचे, तर पायथन या भाषेने या प्रश्नाचे जे उत्तर आपल्या रचनेतच योजून ठेवले आहे ते इतके सुबोध आणि सामर्थ्यशाली आहे, की संगणकाशी ज्यांचा केवळ वापरापुरता संबंध येतो अशा वाचकांनीही ते समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

मोठी आज्ञावली कोणी एकाच फायलीत लिहीत नाही. तिचे भाग पाडून प्रत्येकास नाव दिले जाते, त्या भागाला मॉड्यूल म्हणतात, आणि हवे तेथे ‘इम्पोर्ट’ या शब्दाने ते मागविले जाते. मागणी येताच पायथन प्रथम ‘सिस.मॉड्यूल्स’ ही आपली नोंदवही पाहते, आणि त्या नावाचे मॉड्यूल पूर्वीच आणलेले असेल तर तेच हाती देते. नसेल, तर ‘सिस.मेटा_पाथ’ या यादीतील शोधकांना, म्हणजे फाइंडरांना, ती क्रमाने विचारते. तहसील कचेरीत एकाकडे कागदपत्रांचा रुमाल न सापडल्यास दुसऱ्या कारकुनाकडे बोट दाखवावे, तसा प्रत्येक शोधक एकतर पत्ता देतो किंवा आपल्याकडे नाही असे सांगून मोकळा होतो. सहसा यादीत शेवटी असणारा शोधक ‘सिस.पाथ’मधील फोल्डर एकामागून एक धुंडाळतो आणि पहिल्या ठिकाणी मिळेल ते ग्राह्य धरतो. म्हणूनच एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या फायलीला ‘रँडम’ असे नाव दिले, तर यदृच्छ संख्या देणारे मूळचे मॉड्यूल बाजूला राहते आणि त्याचीच अपुरी फाईल पुढे येते. पत्ता मिळाल्यावर ते मॉड्यूल प्रत्यक्ष आणून चालविण्याचे काम लोडरचे.

ही शोधकांची यादी सामान्य लेखकाच्या स्वाधीन करावी, असा प्रस्ताव भाषेचे जनक खिडो व्हान रोसम यांचे बंधू युस्ट आणि पॉल मूर यांनी डिसेंबर २००२ मध्ये मांडला, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या २.३ या आवृत्तीत तो अंतर्भूत झाला. तोवर ज्याला मॉड्यूल वेगळ्या वाटेने आणावयाचे असे, त्याला इम्पोर्टची मूळ क्रियाच बदलावी लागे, आणि दोघांनी ती बदलली की परस्परांच्या कामात व्यत्यय येई. पुढे ब्रेट कॅनन यांच्या परिश्रमाने २०१२ सालच्या ३.३ या आवृत्तीत ही सर्व यंत्रणा पायथनमध्येच लिहिलेली आली, त्यामुळे आज कोणीही ती उघडून वाचू शकतो.

आता असे समजा, की जिल्ह्याच्या पर्जन्यमानाचे आणि लोकसंख्येचे गणित करणाऱ्या ‘उस्मानाबाद’ नावाच्या पॅकेजात, म्हणजे मॉड्यूलांच्या संचात, तालुकावार मॉड्यूल होते, आणि नामांतरानंतर त्याचे ‘धाराशिव’ केले. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून अशी नावे देवनागरीतही लिहिता येतात. मात्र अर्ध्या अक्षरासाठी काही कळफलक जे अदृश्य जोडचिन्ह घालतात, ते ती भाषा स्वीकारीत नाही. जुन्या आज्ञावल्या अद्याप ‘उस्मानाबाद.तुळजापूर’ मागतात. त्यांच्यासाठी पाच-पंचवीस ओळींचा शोधक लिहावा, जो हे नाव ओळखील. आणि त्याच्या लोडरने ‘धाराशिव.तुळजापूर’ आणून तीच वस्तू नोंदवहीत जुन्या नावापुढेही मांडावी. तीच वस्तू, दुसरी प्रत नव्हे, हे येथे महत्त्वाचे. कारण प्रती दोन झाल्या, की एकीतील दुरुस्ती दुसरीला कळत नाही. त्याच कारणास्तव हा शोधक यादीच्या आरंभी बसवावा लागतो. तो शेवटी बसविला, तर मूळ पॅकेज जुन्या नावाने सापडल्यावर फोल्डर धुंडाळणारा शोधक त्याच फोल्डरातून तुळजापूरची फाईल स्वतःच उचलतो आणि दुसरी प्रत निर्माण करून ठेवतो.

केवळ नावाला नाव जोडणाऱ्या तक्त्याने येथे भागत नाही, याचे कारण जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा लातूर, औसा, निलंगा, अहमदपूर आणि उदगीर हे तालुके तिकडे गेले. तेव्हा १९८१ च्या जनगणनेवर लिहिलेल्या आज्ञावलीने ‘उस्मानाबाद.उदगीर’ मागितले, तर तिला ‘लातूर.उदगीर’कडेच पाठविले पाहिजे. परंतु नुसत्या ‘उस्मानाबाद’चे, म्हणजे सबंध जिल्ह्याचे, आकडे मागितले तर? त्या वेळचा उस्मानाबाद आणि आजचा धाराशिव यांचे क्षेत्र एक नव्हे, आणि शोधकाच्या हाती नाव येते, वर्ष येत नाही. माझे स्पष्ट मत असे, की येथे जुन्या नावाच्या पॅकेजाने मुकाट्याने धाराशिवचे आकडे देण्यापेक्षा त्रुटी दाखवून थांबावे, आणि वर्ष हे मॉड्यूलच्या नावातच असावे. चुकीचा आकडा बिनबोभाट मिळणे हे आकडा न मिळण्याहून वाईट.

याच यंत्रणेचा आणखी एक उपयोग ग्रामीण महाविद्यालयांना आहे: अनेक मॉड्यूल एका झिप फायलीत बांधून ‘सिस.पाथ’मध्ये तिचा पत्ता दिला, की इंटरनेटवाचून ती चालतात; केवळ सी भाषेत लिहिलेले यांत्रिक भाग झिपमधून उचलले जात नाहीत.

एवढे सामर्थ्य ज्याच्या हाती जाते त्याच्याविषयी सावध असावे, कारण यादीच्या अग्रभागी बसलेला शोधक कोणत्याही नावाखाली कोणतीही आज्ञा चालवू शकतो, आणि इंटरनेटवरून परस्पर मॉड्यूल आणणारा, तपासून न घेतलेला शोधक तर कोणत्याही कार्यालयाने वापरूच नये. पायथन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपली एखादी छोटी आज्ञावली ‘-व्ही’ हा पर्याय देऊन एकदा चालवून पाहावी. कोणते मॉड्यूल कोठून आले, हे पडद्यावर ओळीने उमटते, आणि ते वाचण्याची सवय आरंभापासूनच लावून घ्यावी.