मिनिमलिझम म्हणजे काय आणि त्याचा आपल्या तालाशी काय संबंध?

एकच छोटी सुरावट. तीच पुन्हा, पुन्हा, पुन्हा. दोन मिनिटं ऐकल्यावर वाटतं, प्लेअर अडकलाय की काय? पण नीट कान दिला की लक्षात येतं, मध्येच एक स्वर वाढलाय. मग एक कमी झालाय.

या शैलीला 'मिनिमलिझम' म्हणतात. मोजके स्वर, भरपूर पुनरावृत्ती आणि सावकाश होणारा बदल ही तिची ओळख. 1960 च्या दशकात ती अमेरिकेत रुजली. तिच्या जडणघडणीत भारतीय शास्त्रीय संगीताचाही वाटा आहे.

पॅरिसच्या स्टुडिओत काय घडलं?

अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास तेव्हा पॅरिसमध्ये शिकत होते. 1966 मध्ये आलेल्या 'चॅपाक्वा' या सिनेमाला पंडित रविशंकर यांचं संगीत होतं. ते फ्रेंच वादकांना वाचता येईल असं लिहून देण्याचं काम ग्लास यांच्याकडे आलं.

अडचण आली तालाची. पाश्चात्त्य नोटेशनमध्ये ठरावीक मात्रांनंतर उभी रेघ येते आणि रेघेनंतरच्या स्वरावर सहसा जोर पडतो. त्यामुळे वाजवताना नको त्या जागी जोर यायचा. तबल्यावर होते उस्ताद अल्लारखाँ. 'सगळे स्वर सारखेच,' असं ते ग्लास यांना सांगत राहिले. शेवटी ग्लास यांनी सगळ्या रेघा खोडून टाकल्या.

मग कागदावर उरली दोन-दोन, तीन-तीन स्वरांच्या गटांची सलग रांग आणि 16 मात्रांचं फिरून येणारं आवर्तन.

छोटे गट जोडत जायचे, ही कल्पना ग्लास यांनी आपल्या रचनांमध्ये वापरली. 1968 च्या 'टू पेजेस'मध्ये सुरुवातीला फक्त पाच स्वर आहेत. त्यातच भर घालत, वजाबाकी करत अख्खी रचना उभी राहते.

आपल्याला हे नवीन आहे का?

तबल्याचं एकलवादन आठवा. हार्मोनियम किंवा सारंगीवर एकच लेहरा अर्धा-अर्धा तास फिरत असतो, तरी कुणी कंटाळत नाही. तबलावादक कायदा घेतो, म्हणजे मोजके बोल, आणि त्यांचेच पलटे करत जातो. कमी साहित्यातून जास्त काम काढणं आपल्याकडे जुनंच आहे.

मग मिनिमलिझम भारतातूनच गेलं का?

सोशल मीडियावर असा दावा करायचा मोह होईल, पण तो चुकीचा ठरेल. ला मॉन्टे यंग यांनी 1958 मध्येच प्रदीर्घ लांबवलेल्या स्वरांची रचना केली होती. टेरी रायली यांची 53 छोट्या तुकड्यांची 'इन सी' 1964 ची. हे दोघंही किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले ते 1970 मध्ये, प्राणनाथ न्यूयॉर्कला गेल्यानंतर. स्टीव्ह राइक यांनी तर घानाला जाऊन तिथलं ढोलवादन शिकलं.

किराणा घराणं म्हणजे मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं आणि भीमसेन जोशींचं. एकेका स्वरावर ठाण मांडणारी ही गायकी तानपुऱ्याच्या अखंड नादात रमलेल्या यंग यांना भावली, यात नवल नाही.

फरक कुठे आहे?

ग्लास यांची रचना आधीच लिहून ठेवलेली असते. रागात चौकट ठरलेली असली तरी कलाकार मंचावर उपज करतो. म्हणून नुसती सतार घेऊन तिच्यामागे लूप लावला की मिलाफ होत नाही. राग बढत करू पाहतो आणि लूप त्याला जागेवरच धरून ठेवतो.

1990 मध्ये आलेला 'पॅसेजेस' हा अल्बम इथे वेगळा ठरतो. त्यात रविशंकर यांच्या सुरावटींवर ग्लास यांनी आणि ग्लास यांच्या सुरावटींवर रविशंकर यांनी रचना केल्या. दोघांनीही दुसऱ्याचं साहित्य आपल्या पद्धतीने वाढवलं.

ऐकायचंच असेल तर आधी 'टू पेजेस' लावा आणि बोटांवर स्वर मोजा. त्यानंतर अल्लारखाँसाहेबांचं एकलवादन लावून तसंच मोजा. कुठे साम्य आहे आणि कुठे वाटा वेगळ्या होतात, ते बोटांनाच कळेल.