शर्यत मुलींची, संशय कुणाकुणावर?

अमेरिकेतील युटा राज्यात शाळकरी मुलींच्या राज्यस्तरीय स्पर्धेत एका मुलीने पहिला क्रमांक पटकावला. दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्या मुलींच्या पालकांनी शालेय क्रीडा संघटनेकडे तक्रार केली, की ही खरोखर मुलगीच आहे का ते तपासा. संघटनेने तिच्या शाळांमधील जुन्या नोंदी तपासल्या, थेट बालवाडीपर्यंतच्या. प्रत्येक ठिकाणी ‘मुलगी’ हीच नोंद होती. ऑगस्ट २०२२ मध्ये संघटनेच्या प्रवक्त्यानेच हा प्रकार राज्यातील लोकप्रतिनिधींना सांगितला. अमुक खेळाडू पुरेशी ‘बायकी’ दिसत नाही, अशाही तक्रारी येत असल्याचे त्याने नमूद केले.

त्याच वर्षी मार्चमध्ये युटाच्या विधिमंडळाने मुलींच्या खेळांत पारलिंगी मुलींना बंदी करणारा कायदा केला होता. पारलिंगी मुलगी म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली, पण स्वतःला मुलगी मानणारी आणि तशी जगू पाहणारी व्यक्ती. राज्याचे गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांनी या कायद्यावर सही करायला नकार दिला. राज्यात शाळेतून खेळणारी मुले-मुली ७५ हजार, त्यांत पारलिंगी चार, आणि त्या चारांपैकी मुलींच्या संघात खेळणारी एक, असा हिशेब त्यांनी मांडला. विधिमंडळाने काही दिवसांतच त्यांचा नकार बहुमताने मोडून काढला.

आकडा लहान आहे म्हणून प्रश्नच खोटा, असे मात्र नाही. महिलांचा गट मुळात वेगळा का ठेवला जातो, हे पाहिले तर त्याचे उत्तर शरीरातच सापडते. शंभर मीटर धावण्याचा पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८ सेकंदांचा, महिलांचा १०.४९ सेकंदांचा. लांब उडीत पुरुषांचा ८.९५ मीटर, महिलांचा ७.५२ मीटर. धावण्यात साधारण दहा टक्क्यांचा फरक, उडीत तो जवळजवळ दुप्पट. एकच खुला गट ठेवला, तर अंतिम फेरीत एकही स्त्री दिसणार नाही.

हा फरक जन्मापासूनचा नसतो, निदान एवढा मोठा तरी नसतो. पाचवीच्या वर्गातल्या मुली धावण्यात मुलांना सर्रास मागे टाकतात. खरा फाटा फुटतो तो वयात येताना. मुलाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वीस-तीस पटींनी जास्त स्रवू लागते. प्रौढ पुरुषाच्या रक्तात त्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे लिटरमागे ८ ते २९ नॅनोमोल असते. बहुतेक स्त्रियांमध्ये ते दोनच्याही खाली राहते. या संप्रेरकाच्या जोरावर हाडे लांब आणि जाड होतात, खांदे रुंदावतात, हृदय आणि फुप्फुसे मोठी होतात, स्नायू वाढतात. हिमोग्लोबिनही स्त्रियांपेक्षा सरासरी बारा टक्क्यांनी जास्त राहते. म्हणजे स्नायूंना प्राणवायूचा पुरवठा अधिक.

आता पुढचा प्रश्न. असे वयात येऊन गेलेल्या व्यक्तीने नंतर उपचार घेऊन टेस्टोस्टेरॉन स्त्रियांच्या पातळीवर आणले, तर हे सारे उलटे फिरते का? काही फिरते, काही नाही. हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांतच स्त्रियांच्या पातळीला येते. स्नायू मात्र सावकाश उतरतात. उपचाराच्या पहिल्या वर्षात जेमतेम पाच टक्के. उंची, हाडांची लांबी, पंजाचा आकार यांत काहीच बदल होत नाही.

अमेरिकी हवाई दलातील ४६ पारलिंगी स्त्रियांच्या शारीरिक चाचण्यांच्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारांपूर्वी त्या जोर काढण्यात इतर स्त्रियांच्या ३१ टक्के पुढे होत्या. दोन वर्षांनी ती आघाडी संपली. दीड मैलांच्या धावेत मात्र दोन वर्षांनंतरही त्या १२ टक्क्यांनी वेगवान होत्या. या सैनिक होत्या, ऑलिंपिकसाठी घाम गाळणाऱ्या खेळाडू नव्हेत, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे मैदानावर नेता येत नाहीत. उपचारांनंतरही कसून सराव करणाऱ्या खेळाडूंचे मोठे अभ्यास करायला मुळात तेवढ्या खेळाडूच नाहीत.

मग वाद एकेका नावावर घसरतो. अमेरिकी जलतरणपटू लिया थॉमस हिने मार्च २०२२ मध्ये महाविद्यालयीन स्पर्धेत ५०० यार्डांची शर्यत जिंकली आणि जगभर गदारोळ झाला. पूर्वी पुरुषांच्या संघात असतानाच्या तिच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा ही वेळ सुमारे पंधरा सेकंदांनी जास्त होती. म्हणजे उपचारांनी ती साडेपाच टक्क्यांच्या आसपास मंदावली होती. स्त्री-पुरुषांच्या कामगिरीतील नेहमीच्या फरकाच्या निम्मी. दुसरीकडे न्यूझीलंडची भारोत्तोलक लॉरेल हबर्ड टोकियो ऑलिंपिकमध्ये स्नॅचच्या तिन्ही प्रयत्नांत अपयशी ठरली. एकीच्या विजयाने किंवा दुसरीच्या पराभवाने काहीच सिद्ध होत नाही. पदकासाठी कुणी लिंग बदलते, हा आरोप तर या उपचारांतून जाणारे एकही माणूस न पाहिलेल्यांनीच करावा.

क्रीडा संघटनांनी आपली भूमिका झपाट्याने बदलली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१५ मध्ये वर्षभर टेस्टोस्टेरॉन दहा नॅनोमोलच्या खाली ठेवण्याची अट घातली होती. बहुतेक स्त्रियांच्या पातळीच्या ती पाचपटीहून अधिक होती. अशी मर्यादा फार काळ टिकणार नव्हतीच. रग्बीने २०२० मध्ये, जलतरणाने जून २०२२ मध्ये, ॲथलेटिक्सने मार्च २०२३ मध्ये आणि आयसीसीने नोव्हेंबर २०२३ मध्ये पुरुष म्हणून वयात येऊन गेलेल्या खेळाडूंना आंतरराष्ट्रीय महिला गट बंद केला. माजी कसोटीपटू संजय बांगर यांची मुलगी अनाया बांगर हिने २०२५ मध्ये आपल्या शारीरिक चाचण्यांचा अहवाल जाहीर करून आयसीसी आणि बीसीसीआयने फेरविचार करावा, अशी विनंती केली ती याच नियमाबाबत.

वेग, ताकद आणि अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत, प्रौढांच्या वरच्या पातळीवर, या बंदीला शरीरशास्त्राचा आधार आहे हे मान्य करावे लागते. पण जलतरणाच्या नियमात ठेवलेली सवलत पाहा. वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी किंवा वयात येण्याच्या अगदी सुरुवातीलाच ही प्रक्रिया थांबवली असेल, तर खेळता येईल. त्यासाठीची औषधे ब्रिटनने डिसेंबर २०२४ मध्ये अठरा वर्षांखालील नव्या रुग्णांना, संशोधनाचा अपवाद वगळता, बेमुदत बंद केली. तेथील मुलीसाठी ही सवलत म्हणजे भिंतीवर रंगवलेले दार.

आणि नियम करायचा म्हणजे तपासणी आली. ती पारलिंगी खेळाडूंपुरती राहत नाही, सगळ्याच स्त्रियांची होते. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने १ सप्टेंबर २०२५ पासून महिला गटातील खेळाडूंना आयुष्यात एकदा ‘एसआरवाय’ जनुकाची चाचणी सक्तीची केली. गालाच्या आतून बोळा फिरवायचा किंवा थोडे रक्त घ्यायचे, इतकीच ती सोपी. १९९० मध्ये हे जनुक शोधणाऱ्या गटातील अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच तिच्या अशा वापरावर आक्षेप घेतला. जनुक आहे की नाही एवढेच चाचणी सांगते. वृषण तयार झाले का, टेस्टोस्टेरॉन स्रवते का, शरीर ते वापरू शकते का, हे ती सांगत नाही.

याचा अर्थ स्त्रीरोग विभागात काम करणाऱ्या कुणालाही चटकन कळेल. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, उंच, स्तनांची वाढ व्यवस्थित, पण पाळी आलेली नाही म्हणून आई घेऊन येते. सोनोग्राफीत गर्भाशय दिसत नाही, गुणसूत्रे एक्सवाय निघतात. पोटात वृषण असतात, टेस्टोस्टेरॉनही बनते. पण पेशी त्याला दादच देत नाहीत. टेस्टोस्टेरॉनचा फायदा तिला शून्य, आणि चाचणी मात्र पॉझिटिव्ह. नव्या नियमांत अशा खेळाडूंना सूट आहे, पण ती सिद्ध करण्यासाठी आणखी तपासण्या आल्याच.

हा खेळ पूर्वी खेळून झालेला आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ महिलांची जनुकचाचणी झाली. आठजणी पॉझिटिव्ह निघाल्या आणि पुढील तपासणीनंतर आठहीजणींना खेळू दिले गेले. १९९९ मध्ये ऑलिंपिक समितीने ही सरसकट चाचणी बंद केली. त्याआधी १९८५ मध्ये स्पेनची अडथळा-शर्यतपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो जपानमधील स्पर्धेला जाताना ‘स्त्री असल्याचे’ प्रमाणपत्र घरी विसरली, पुन्हा तपासली गेली आणि एक्सवाय निघाली. पुढे तिची विजेतेपदे गेली, लग्न मोडले. तिला परत खेळण्याची मुभा मिळायला १९८८ उजाडले. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचे रौप्यपदक जिंकलेल्या तमिळनाडूच्या शांती सौंदरराजनचे पदक काढून घेतले गेले. चाचणीचा निकाल तिच्याआधी साऱ्या देशाला कळला होता. ओडिशाच्या द्युती चंदला २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतून ऐनवेळी वगळले गेले. तिने लोझानच्या क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि २०१५ मध्ये तो नियम स्थगित करून घेतला. यांच्यापैकी पारलिंगी एकही नव्हती.

शाळेच्या मैदानाचा विचार यापेक्षा वेगळाच करायला हवा. अमेरिकेतील पंचवीसहून अधिक राज्यांत शालेय पातळीवर अशी बंदी आहे. नऊ वर्षांची पारलिंगी मुलगी लंगडत, धडपडत मैत्रिणींबरोबर फुटबॉल खेळू लागली, तर टेस्टोस्टेरॉनचा फायदा तिला मिळालेलाच नसतो. विश्वविक्रमांचे गणित तिला लावण्याला वैद्यकीय आधार नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी तो प्रश्न येतो, आणि तेव्हा खेळ कोणता, पातळी कोणती, हे पाहून ठरवावा लागतो. चाचणी करायचीच असेल, तर आधी मुलीची व पालकांची संमती, समुपदेशकाची सोय आणि निकाल फक्त डॉक्टर व तिच्यात राहील याची हमी, एवढे तरी हवे. साध्या एचआयव्ही चाचणीलाही आपण हे पाळतो.

युटातील त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना चौकशी चालू असल्याचे कळवलेच गेले नव्हते. गोष्ट खासगी राहावी म्हणून कळवले नाही, असे संघटनेने सांगितले.