बायपासनंतरची कावीळ

इजिप्तच्या इमान अहमद २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात आल्या, तेव्हा वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची चर्चा घरोघरी झाली. आता सोलापूरचेही लोक पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन ती करून येतात. वजन उतरते, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात. मग कधीतरी जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते आणि ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून ती अंगावर काढली जाते.

वजन झपाट्याने घटताना चरबीतले कोलेस्टेरॉल यकृतावाटे पित्तात उतरते. खाणे कमी, त्यामुळे पित्ताशय नीट रिकामे होत नाही आणि खडे धरतात. अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बायपासनंतर ६ महिन्यांत औषधाविना ३२ टक्के रुग्णांना खडे झाले; रोज ६०० मिलिग्रॅम उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड घेणाऱ्यांत फक्त २ टक्क्यांना. लिहून दिलेल्या या गोळ्या बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका.

खडा पित्तनलिकेत अडकला, तर एरवी तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढतात. यालाच ईआरसीपी म्हणतात. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठर अरुंद होते, पण वाट तीच राहते. बायपासमध्ये मात्र जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. हायवेला बायपास झाला की गाड्या गावात शिरत नाहीत, तसे अन्न बाहेरून जाते. पित्तनलिकेचे तोंड मागे, जुन्या गावातच राहते. नेहमीची दुर्बीण तिथवर पोहोचत नाही. मग लॅप्रोस्कोपीने जुन्या जठराला छिद्र पाडून तिथून दुर्बीण घालावी लागते, किंवा त्वचेतून यकृतात नळी टाकून पित्त बाहेर काढावे लागते. ही सोय सगळीकडे नसते.

म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो: स्लीव्ह की बायपास? ‘पोट लहान केलंय’ एवढेच उत्तर बहुतेकदा मिळते. पोटावरच्या बारीक व्रणांवरून ते कळत नाही. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, घरच्या एकाकडेही द्या.

आपल्याकडे कावीळ म्हटले की आधी झाडपाल्याचे औषध. अडकलेला खडा त्याने हलत नाही. पिवळे डोळे, पोटात कळ आणि थंडी वाजून ताप, ही तिन्ही एकत्र दिसली तर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तो काही तासांत रक्तात पसरू शकतो. अशा वेळी मध्यरात्र असली तरी रुग्णालयात या, आणि ते कार्ड सोबत आणा.